आजऱ्याला गेलेलं दुपटं

अक्का, तुला बसवलेलं होतं. तुमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला तसंच नेतात हे मला माहीत होतं, तरी दारातून आत आले आणि पाय थांबले. कपाळाला आणि दंडांना विभूती, गळ्यात लिंग, पाठीला भिंत. शिवायला बसायचीस तेव्हाही अशीच बसायचीस, मान जराशी डावीकडे टाकून. माणसं येत होती, हार घालत होती, कोणी कानडीत रडत होतं, कोणी मराठीत. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. मी हातांकडे बघत होते. उजव्या हाताच्या मधल्या बोटावरचा तो घट्टा, सुईच्या मागच्या टोकानं पडलेला, तसाच होता.

आणि खरं सांगते, माझ्या मनात आलेला पहिला विचार तुझ्याबद्दलचा नव्हता. पुढच्या आठवड्यात शनिवारी सोळा दुपटी जायची आहेत, आणि आता ती तपासायला फक्त माझा हात उरला, असा तो विचार होता. त्याच्या मागोमाग भीती आली. ती नवी नव्हती. आठ वर्षं ती माझ्याबरोबर आहे, पण आजवर ती आपण दोघींनी वाटून घेतलेली होती. त्या दिवशी सगळीच्या सगळी माझ्या अंगावर आली आणि मी तुझ्या सुनेला, कस्तुरीला, न भेटताच घराबाहेर पडले. ती काय म्हणाली असेल, कोण जाणे.

आज अकरावा दिवस. रोज सकाळी वहीत दिवसाची कामं लिहायची माझी सवय तुला माहीत आहे. दहा दिवस त्या यादीत एक ओळ आहे, 'अक्काला सांगणे', आणि रोज ती पुढच्या पानावर जाते. आज सांगून टाकते.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या खोलीत, आपलं काम चालायचं. जुन्या मऊ साड्या एकावर एक घालून वाकळा शिवायच्या आणि त्याच साड्यांची बाळांसाठी दुपटी. शिवणाऱ्या सहा जणी आणि सातवी मी. साड्या जमवणं, मापं, वेळा, माल पोचवणं माझ्याकडे. टाका आणि तपासणी तुझ्याकडे. तू गडहिंग्लजकडची. वाकळेला कौदी म्हणायचीस, मला शोभव्वा म्हणायचीस, आणि दिवसातून निदान दहा वेळा तुझा तो कानडी शब्द ऐकवायचीस, 'निधान'. सावकाश. पहिली दोन वर्षं मला त्या शब्दाचा राग यायचा. दारात गिऱ्हाईक उभं, आणि आतून तुझा आवाज, "निधान, शोभव्वा, निधान."

मी भिंतीवर एक तक्ता लावला होता, आठवतो?

"भित्तीवर काय लिवलंयस गं?"

"कोण दिवसाला किती शिवतं ते."

"आन कसं शिवतं ते?"

"त्याला रकाना नाही, अक्का."

"मग माजं नाव खोड त्यातनं. सगळ्यात खालचा आकडा माजाच हाय म्हनं. मालननं वाचून दावलं."

बायका इतक्या हसल्या की शेवंताच्या हातातली सुई निसटली, आणि ती सापडेपर्यंत तू कुणालाही उठू दिलं नाहीस. मी तक्ता काढला नाही. आपला वाद तिथंच होता आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला. सावकाश केलेलं काम चांगलं होतं हे मला पटत होतं. सावकाश केलेल्या कामावर सहा घरं चालायला हवीत, हे तुला पटत होतं का, ते मला कधीच कळलं नाही. तू नुसती सुईत दोरा ओवायचीस.

तुझी तपासणी मी घड्याळ लावून बघितली होती. एका दुपट्याला पंचवीस मिनिटं. मांडीवर पसरायचं, डोळे मिटायचे, तळहात सपाट ठेवायचा आणि एकेक ओळ पुढं सरकायचं. बोटांनी नाही. बोटांना घाई असते म्हणायचीस. गाठ लागली, कच लागली, की हात थांबायचा. पूर्ण झालं की दुपटं उचलून गालावरून फिरवायचीस, आधी चार कोपरे, मग मधला भाग. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं, हे कशाला? "बाळाला सांगता येत न्हाई. म्हून आपल्या गालाला इचारायचं."

आणि संध्याकाळी सुया. प्रत्येकीच्या दोन, मिळून बारा. कोणी कुणाच्या हातात सुई द्यायची नाही, भांडण होतं. लाल कापडाच्या छोट्या गादीत टोचून ठेवायची. मग एकेक उपसून, उजेडात धरून, तिचं टोक बघायचं. नुसती मोजायची नाही. टोक आहे का बघायचं. हे काम तू माझ्यावर सोपवलं होतंस. मला वाटतं, मी जरा थांबावं म्हणून.

आठ वर्षांपूर्वीचा तो दिवस फुटबॉलच्या मॅचचा होता. चोवीस दुपट्यांचा माल महाद्वार रोडवरच्या एका दुकानात जायचा होता. सोळा तू आधीच तपासली होतीस, शेवटची आठ दुपारी पूर्ण झाली. तू त्यातलं पहिलं मांडीवर घेतलंस, आणि बाहेरून टेम्पोवाला ओरडला,

"वहिनी, चला की! मॅच बरोबरीत हाय. सुटली की ह्या गल्लीत माणूस मावायचं न्हाई. आठ वाजंपर्यंत हितंच बसाया लागंल."

खोटं नव्हतं त्याचं. पेठेतला संघ हरला तरी गल्ली भरायची आणि जिंकला तर विचारूच नको. मी म्हटलं, "अक्का, वरवर हात फिरव." तू डोळेही उघडले नाहीस. मी पुन्हा म्हटलं. मग मी वाकले आणि तुझ्या मांडीवरचं दुपटं ओढून घेतलं.

ते ओढताना तुझा तळहात त्याच्याबरोबर थोडासा पुढं आला होता. हे मला आठ वर्षं दिसतंय.

टेम्पोच्या दाराशी मी गठ्ठे मोजत होते. तू खिडकीतून विचारलंस, "सुया बगितल्यास न्हवं?"

"बघितल्या. बारा."

वहीत बरोबरची खूणही केली. टेम्पो गेला. मागून फटाके वाजले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तू सुया वाटायला घेतल्यास आणि पाचवी सुई उजेडात धरून तशीच थांबलीस. टोक नव्हतं. तुटून गेलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. मालन रडायलाच लागली. कामाला लागून तिला दोनच महिने झाले होते. काठ शिवताना सुई मोडली, बोलणी बसतील म्हणून तिनं मोडकी सुई तशीच गादीत टोचून ठेवली होती. टोक खाली पडलं की आत राहिलं, तिला माहीत नव्हतं. कुठल्या दुपट्यावर मोडली, तेही आठवत नव्हतं. त्या मालात तिनं काठ शिवले होते ते शेवटच्या आठांचेच, त्यांपैकी एक, एवढंच.

तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. विचारलं काहीच नाहीस. मी म्हणाले, "खाली पडलं असेल, कचऱ्यात गेलं असेल." खोली दोनदा झाडून झालेली होती. हा माझा मुद्दा मी त्या दिवशी दहा वेळा मांडला. दहाही वेळा तू म्हणालीस, "असंल. नसंल."

मी दुकानाकडे पळाले. पाच दुपटी विकली गेली होती. एकोणीस उचलून आणली. मी कामाची बाई, म्हणून मी काय केलं? जुन्या रेडिओतला लोहचुंबक मिळवला आणि अर्ध्या तासात एकोणीसही दुपट्यांवरून फिरवला. काही नाही. तू बाजूला बसून बघत होतीस.

"झालं?"

"झालं. काही नाही यांच्यात."

"लोहचुंबकाला लेकरू हाय काय?" म्हणालीस, आणि पहिलं दुपटं मांडीवर घेतलंस.

मालन डावखुरी. तिचा टाका उलट्या बाजूला कललेला असायचा, तू बघताक्षणी ओळखायचीस. एकोणिसांत तिच्या काठाची पाच निघाली. विकलेल्यांपैकी चार घरं दुकानदाराच्या ओळखीची होती. आपण दोघी चारी घरी गेलो, काहीतरी कारण सांगून दुपटी हातात घेतली. त्यांत मालनची दोन. सगळी स्वच्छ. म्हणजे आठांपैकी सात मिळाली. आठवं एका म्हाताऱ्यानं नेलं होतं. दुकानदाराला एवढंच आठवत होतं की पावणं आजऱ्याकडचं होतं, लेक बाळंत झालेली, आणि घरातलं कोणीतरी काजूच्या कारखान्यात कामाला. हिरव्या काठाचं दुपटं.

आता एकतर टोक कचऱ्यात होतं किंवा आजऱ्यात, एका बाळाच्या गळ्याशी. तिसरी जागा उरली नव्हती.

मी आजऱ्याला दोनदा गेले. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन करकरून कारखान्यांची नावं काढली, यादी केली आणि एसटीनं जाऊन एका दिवसात सहा, दुसऱ्या खेपेला पाच असे अकरा कारखाने पालथे घातले. फाटकावर विचारायचं, आत मुकादमाला विचारायचं, नाही म्हणाला की नावावर काट. अकरा काटा मारून मी परत आले. तू विचारलंस, "बायकांना इचारलंस?" मी म्हटलं, मुकादमानं विचारून सांगितलं. तू "बरं" म्हणालीस.

त्यानंतरची माझी वर्षं तुला माहीत आहेत, पण आतली माहीत नाहीत. लहानपणी ऐकलं होतं की अंगात शिरलेलं सुईचं टोक गप्प बसत नाही, रक्ताबरोबर सरकत सरकत काळजापर्यंत जातं. डॉक्टर याला हसतील, मी स्वतः दुसऱ्या कुणाला हसले असते. पण पेपर उघडला की मी आधी आजऱ्याची बातमी शोधायची. लहान मूल दगावल्याची बातमी कुठल्याही गावची असो, वय मोजायची. आपलं बाळ आता वर्षाचं. आता चालत असेल. आता शाळेत घातलं असेल. 'आपलं बाळ' म्हणायला लागले होते मी त्याला.

एकदा स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीत एक बाई चढली, कडेवर बाळ, बाळाला दुपटं, दुपट्याला हिरवा काठ. मी तिच्या मागोमाग चढले आणि काठ चिमटीत धरला. सरळ टाका होता. बाई माझ्याकडे बघतच राहिली.

"ओ पावणं, काय चाचपताय?"

"टाका बघत होते. छान आहे."

"टाका बगायचा तर दुकानात जावा की. लेकरू झोपलंय न्हवं!"

गाडीतली माणसं हसली. मी उतरले. गाडी गेली तरी स्टँडवरच्या बाकावर बसून राहिले. तुला हे सांगितलं नाही.

तुला दिसलं ते एवढंच की मी तपासायला तुझ्या शेजारी बसायला लागले. तक्ता मी त्याच महिन्यात काढला होता. सुया मी उजेडात धरून बघायची, बाराच्या बारा, आणि मग तुला एकदा दाखवायची. दुपटं मांडीवर घ्यायला तू शिकवलंस. पहिल्यांदा माझा हात सरसर पुढं जायचा. तू तुझा तळहात माझ्या हातावर ठेवायचीस आणि त्याच्या वजनानं माझा वेग धरायचीस. "कुठं जायाचंय तुला?" भीतीनं मला तिथं बसवलं होतं, दुसऱ्या कशानंही मी बसले नसते. पण बसल्यावर हळूहळू दुसरंही काही कळायला लागलं. एकाच साडीत नेसणारीच्या खांद्याकडचा भाग आणि पायाकडचा भाग वेगळा लागतो. पावसाळ्यात शिवलेलं दुपटं हाताला जड लागतं. कोणती बाई कोणत्या ओळीत घरच्या काळजीत होती, तेही तळव्याला कळतं, टाका लांबतो. शेवंताच्या नवऱ्याचं दुखणं मला तिनं सांगायच्या आधी तिच्या वाकळेतून कळलं होतं. पंचवीस मिनिटं मी कशाचीही यादी करत नव्हते. माझ्या आयुष्यात अशी पंचवीस मिनिटं त्याआधी नव्हती. ती तू दिलीस. त्याबद्दल तुला कधी एक शब्द बोलले नाही, कारण ते बोलायचं तर ती मिनिटं कशामुळं मिळाली तेही बोलावं लागलं असतं.

पाचव्या दिवशी मी कस्तुरीला भेटायला गेले. जमिनीवर बसलो दोघी. तिनं चहा ठेवला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली,

"शोभाताई, एक सांगायचं हाय. आत्यांनी सांगू नको म्हनलं हुतं. पर आता त्या न्हाईत, आन मला ठेवून घ्यायला जमंना."

"काय?"

"ते आजऱ्याचं दुपटं. ते घावलं हुतं."

अक्का, माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला.

कस्तुरी सांगत गेली. त्या प्रकारानंतर वर्षानं तू मला म्हणाली होतीस, "म्हायारला जाऊन येतो चार दिस." तू माहेरी गेलीच नव्हतीस. कस्तुरीला बरोबर घेऊन आजऱ्याला तिच्या मावशीकडे उतरलीस आणि रोज सकाळी काजूच्या कारखान्यात जाऊन बसलीस. कुणाला काही विचारलं नाहीस. बायका काजूची साल काढत बसल्या होत्या, तूही काढायला लागलीस.

"मुकादम म्हनला, आजी, तुम्ही कोन? आत्या म्हनल्या, हात रिकामं हाईत, बसू दे की. दोन दिस नुसतं सालं काढली बगा. ह्याची सून, त्याची लेक, कुनाला दिस गेल्यात, आसलं समदं बोलनं. तिसऱ्या दिशी एक म्हातारी म्हनली, माजी नात त्या कोल्हापूरच्या दुपट्याबिगर झोपतच न्हाई. धुवाया काडलं की आरडती."

तो कारखाना माझ्या यादीत होता. फाटकावरून विचारून मी त्याच्यावर काट मारली होती.

तू त्या म्हातारीच्या घरी गेलीस. मुलगी चालायला लागलेली, ठणठणीत, दुपट्याचं टोक तोंडात धरून फिरत होती. कस्तुरी म्हणाली, तुझ्या तोंडचं पाणीच पळालं. दुपटं मागून घेतलंस, उंबऱ्यात बसलीस. काठ मालनचाच होता. सगळी दुपार हात फिरवलास. गालावरून फिरवलंस, त्याला वास येत होता तरी. मग चारी काठ उसवलेस, आतले थर उजेडाकडे धरून बघितलेस, आणि पुन्हा शिवून दिलंस.

"टोक न्हवतं, शोभाताई. कायबी न्हवतं."

म्हणजे ते खालीच पडलं होतं. कचऱ्यातच गेलं होतं. आपल्या त्या वादात माझं खरं होतं. हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं की तेस्नी. शोभाताईस्नी सांगा, वाळून चाललीया ती बाई. तर म्हनल्या, इतक्यात न्हाई. आता कुठं तिचा हात थांबाया लागलाय."

सात वर्षं, अक्का! इतक्यात न्हाई म्हणजे किती? कोणत्या दिवशी सांगणार होतीस? मी पेपरात मेलेली मुलं मोजत होते आणि तू शेजारी बसून दोरा ओवत होतीस. घरी आले आणि तुझ्यावर इतकी चिडले की तुझं नाव घेऊन मोठ्यानं बोलले. शेजारची विचारायला आली. कुणाच्या भीतीवर त्याला काम शिकवायचं नसतं. आणि मी एकटी नव्हते. मालनला तरी सांगायचंस. ती तर माझ्यासारखी खोटं बोलली नव्हती. ती नुसती घाबरली होती.

रागाचा भर उतरल्यावर मला दुसरं दिसलं. मी विचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस. एकदाही मी म्हणाले नाही की अक्का, त्या दुपट्याचं काय झालं असेल गं? कारण ते विचारलं असतं तर तू विचारलं असतंस, सुया बघितल्या होत्यास का? मी बघितल्या नव्हत्या. गादीला हातसुद्धा लावला नव्हता. हे ते, जे दहा दिवस पुढच्या पानावर जात होतं. तू विचारलंस तेव्हा मी तोंडावर खोटं बोलले. सुई मोडली हा मालनचा दोष नव्हता, ती मोडलेली कळली नाही हा माझा होता.

परवा मी खोलीत गेले. पाचही जणी होत्या. तुझी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. मी उभ्यानंच सांगितलं, "त्या मॅचच्या दिवशी सुया मी बघितल्याच नव्हत्या."

बायकांच्या सुया चालूच राहिल्या. मग शेवंता म्हणाली, "ठाव हाय की."

"कुणाला ठाऊक आहे?"

"समद्यास्नी. तुम्ही टेम्पोच्या दाराशी हुतासा, गादी हितं फळीवर हुती. काय लांबनं बगितल्यासा? अक्का म्हनल्या, कुनी बोलू नका, पोरगी भ्यालीया."

पोरगी! तेव्हा मी चाळिशीला टेकले होते, अक्का.

मग मी आजऱ्याचं सांगितलं. दुपटं सापडलं होतं, त्यात काही नव्हतं, ती मुलगी बरी आहे. मालनच्या हातातलं काम मांडीवर पडलं. "म्हंजे माज्या हातनं कुनाला काय झालं न्हाई?" मी म्हटलं, नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. मग ती भिंतीकडे तोंड करून बसली. त्या वेळी मला तुझा राग आला, तो अजून गेलेला नाही. तो राहू दे. माणूस गेलं म्हणून त्याचं सगळं बरोबर ठरवायचं, हे मला जमणार नाही, तुलाही आवडलं नसतं.

दुपारी मी पहिलं दुपटं तपासायला घेतलं. शनिवार जवळ आला होता. डोळे मिटले, तळहात ठेवला. आणि अक्का, आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटात भीती नव्हती. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. हात कसा सहज जात होता. डोळे उघडले तेव्हा शेवटचा कोपरा हाताखाली होता. घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं झाली होती. मधल्या भागात काय लागलं, गाठ होती का, टाका कुणाचा होता, मला काहीही सांगता येईना. माझा हात सगळ्या दुपट्यावरून जाऊन आला होता आणि मी त्याच्याबरोबर नव्हते.

मग मला खरी भीती वाटली. आजऱ्याच्या बाळाची नव्हे, या सोळांतल्या कुठल्याही बाळाची. तू कशाला भीत होतीस ते तेव्हा कळलं. तुझं बरोबर होतं असं मी अजूनही म्हणत नाही. पण तू सात वर्षं जे राखलंस, ते मी एका दुपारीत घालवायला निघाले होते.

पुन्हा पहिल्यापासून घेतलं. या वेळी मधेच हात थांबवून स्वतःला विचारत गेले, कुठं जायचंय तुला? बावीस मिनिटं लागली. तरी खात्री वाटेना. आता माझा हात कोणी धरणार नाही, आणि माझ्या एकटीच्या शब्दावर कुणाच्या लेकराला झोपवायचं धाडस मला नाही.

मी उठले आणि ते दुपटं मालनच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "माझ्यानंतर तू बघत जा. प्रत्येक."

"मी? माज्याच हातनं सुई मोडली हुती, ताई."

"म्हणून तर."

तिनं पदरानं तोंड पुसलं, दुपटं पसरलं, डोळे मिटले आणि डावा तळहात पहिल्या ओळीवर ठेवला. बाहेर वाकळा न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मी त्याला हातानंच थांब म्हणून सांगितलं आणि तिचं होईपर्यंत तिथंच उभी राहिले.